थोडक्यात वाचलेल्यांची वही

माझं काम काही घडू न देण्याचं होतं. त्यामुळे इतक्या वर्षांत मी नेमकं काय केलं, हे दाखवायला माझ्याकडे काहीच नाही. सर्जन सांगतो, इतकी ऑपरेशनं केली. आमच्या पापडी गावातली जुनी सुईण सांगायची, अर्धं गाव माझ्या हातावर जन्मलं. मी काय सांगू? अमक्या मंगळवारी अमुक आजोबा जिन्यावरून पडले नाहीत? ऐकणारा विचारतो, मग त्यात विशेष काय? विशेष काही नाही. ते त्यांच्या पायांनी घरी गेले आणि मला विसरले. माझ्या धंद्यात यालाच यश म्हणतात.

मी मुळात नर्स. वसईतल्या एका खासगी हॉस्पिटलात बरीच वर्षं वॉर्ड सांभाळले, मग एक दिवस मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे मालकांनी, मला केबिनमध्ये बोलावून 'रुग्ण सुरक्षा अधिकारी' केलं. त्याच्या महिनाभर आधी एका रुग्णाच्या नातेवाइकाच्या वकिलाची नोटीस आली होती, हा योगायोग नव्हता. जिन्याखालची खोली, एक टेबल आणि दारावर पाटी मिळाली. पाटी वाचून पहिल्या आठवड्यात तीन जण चपला चोरीला गेल्याची तक्रार घेऊन आले.

काम साधं सांगते. हॉस्पिटलात माणूस आजाराने दगावतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण ओल्या लादीवरून घसरून, शेजारच्याची गोळी चुकून घेऊन, डाव्याऐवजी उजव्या गुडघ्यावर चीर पडूनही त्याचं वाटोळं होऊ शकतं, आणि यातली कुठलीही गोष्ट वाईट माणसं करत नाहीत. दमलेली, घाईतली, चांगली माणसं करतात. अशा वेळी हॉस्पिटलची जुनी पद्धत एकच. सर्वांत धाकटी नर्स शोधायची, तिला काढायचं आणि 'दोषीवर कारवाई केली' असं वकिलाला कळवायचं. लादी ओलीच राहते.

म्हणून मी एक वही सुरू केली. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. तिच्यात घडलेले अपघात लिहायचे नाहीत, होता होता राहिलेले लिहायचे. तीनच रकाने: काय झालं, का झालं, काय करावं. कुणाचं नाव लिहायचं नाही आणि खरं लिहिणाऱ्याला शिक्षा नाही, असं मी भर मीटिंगमध्ये सांगितलं. मोठे डॉक्टर तिला 'सिस्टर फिलोमिनाची कबुलीजबाबाची वही' म्हणायचे. बाकीचे 'थोडक्यात वाचलेल्यांची वही' म्हणायचे. पहिले दोन महिने ती माझ्या लग्नातल्या साडीसारखी कोरी करकरीत राहिली. मग सफाईच्या मावशींनी हिंमत करून पहिली नोंद केली: 'मी लादी पुसली. डॉक्टर मोबाइल बघत आले. मी ओरडले म्हणून वाचले.'

या कामाने स्वभाव बिघडतो, हे कबूल करते. भाचीच्या लग्नात मी नवरीला ओवाळायच्या आधी मांडवातले सिलिंडर हलवायला लावले. चर्चमध्ये मिस्साला गेले की आधी बाजूचा दरवाजा उघडतो का ते बघते. माझा नवरा बस्त्याव म्हणतो, "स्वर्गात गेलीस तरी सेंट पीटरला विचारशील, दुसरा दरवाजा कुठंय?" विचारीन. एवढी माणसं आत आणि दार एकच, हे बरोबर नाही.

आमच्याकडच्या रुग्णांची एक खोड बाहेरच्या पुस्तकांत कुठे लिहिलेली नाही. ती म्हणजे त्यांचा भिडस्तपणा. पुस्तक सांगतं, औषध देण्यापूर्वी रुग्णाला नाव विचारा. आमच्या नर्सा विचारायच्या, "आजी, तुम्ही मारिया ना?" आणि आजी म्हणायच्या, "हो बाय." एकदा मला शंका आली म्हणून मी मुद्दाम एका आजींना विचारलं, "आजी, तुम्ही कुसुम ना?" त्या म्हणाल्या, "हो." मी म्हटलं, "मघाशी तर तुम्ही रोझी होतात." त्या म्हणाल्या, "बाय, तू एवढ्या प्रेमाने विचारलंस. नाही कशी म्हणू?"

म्हणून मी नियम केला: नाव आपण सांगायचं नाही, त्यांना सांगायला लावायचं. आणि जोडीला जन्मतारीख. जन्मतारखेलाही त्रास होताच. एका आजोबांनी सांगितलं, "सणाच्या दुसऱ्या दिवशी. सण कुठचा ते आई सांगायची, पण आई आता नाही." त्यांच्या मुलाला मी बाप्तिस्म्याच्या नोंदीसाठी चर्चच्या ऑफिसात पिटाळलं. आजोबा कागदावरच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे निघाले आणि घरी जाईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

आता मुख्य गोष्ट सांगते. तिच्यात माझीही चूक आहे, म्हणून इतकी वर्षं ती हसत हसत अर्धीच सांगत आले.

श्रावणी सोमवार होता. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातले, बोटीचे मालक पास्कू नाखवा, कागदावर पास्कल, आमच्याकडे हर्नियासाठी दाखल झाले होते. साठीचा, सुकटासारखा वाळलेला, ताठ माणूस. वरच्या दातांची कवळी. ऑपरेशन दुपारी. सकाळी पहिला नंबर दुसऱ्याच एका बाईंचा होता. त्यांना आदल्या दिवशी "उद्या उपाशी राहायचं" असं बजावलं होतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं?" बाई म्हणाल्या, "छे, उपास आहे ना. फक्त साबुदाण्याची खिचडी." त्यांचं ऑपरेशन पुढे ढकललं आणि पास्कू नाखव्यांचा नंबर अचानक सकाळी आला.

नाखवा मात्र खाटेवर नव्हते. त्या दिवशी पाचूबंदरला नव्या हंगामासाठी बोटींना आशीर्वाद होता. फादर एकेका बोटीवर चढतात, प्रार्थना करतात, पवित्र पाणी शिंपडतात. तेव्हा नाखवा आपल्या बोटीवर उभा नसला तर पुढे वर्षभर जाळं फाटलं तरी घरचे त्याच दिवसाकडे बोट दाखवतात. नाखव्यांनी हिशोब केला: ऑपरेशन दुपारी, आशीर्वाद सकाळी, रिक्षाने जाऊन येऊ. वॉर्डात कुणाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं.

खाट रिकामी दिसायला नको म्हणून त्यांनी मेव्हण्याला, डुमिंगला, झोपवलं. इथवर ठीक. पण आमच्या गेटवर एका रुग्णामागे एकच पास असायचा आणि दहा नातेवाईक तोच पास हातोहात फिरवून आत-बाहेर करायचे. त्या घराला पास फिरवायची सवय झालेली. नाखव्यांच्या मनगटावर नाव-नंबर छापलेली प्लास्टिकची पट्टी होती. त्यांना तीही पासच वाटली. खोबरेल तेलाचा हात फिरवून त्यांनी पट्टी सरकवली आणि डुमिंगच्या हातात घातली. हिरवा झगाही त्यालाच दिला.

साडेनऊला नर्स सुप्रिया आली. विरारच्या फ्लॅटमधली, कोकणातल्या घरची मुलगी, पहिलीच नोकरी, जेमतेम सहा महिने झालेले. नंबर बदलल्यामुळे वरून दोनदा फोन आला होता. तिने पट्टी पाहिली, फाइल पाहिली. दोन्ही जुळलं. मग घाईत तिने तेच केलं जे मी करू नका म्हणून घसा फोडला होता. "पास्कल नाखवा ना?"

डुमिंग म्हणाला, "हो."

नंतर मी त्याला विचारलं, हो का म्हणालास? तो म्हणाला, "पट्टी माज्या हातात. नाय बोललो असतो तर भावजी पकरले गेले असते."

"आणि ट्रॉलीवर का चढलास?"

"मना वाटला फोटो काढायला नेतान. भावजींच्या बदली एक फोटो काढला तर काय बिघारतं?"

ट्रॉली ढकलणारे मामा त्याला घेऊन निघाले, सुप्रिया फाइल घेऊन सोबत. लिफ्टमध्ये डुमिंगने मामांना विचारलं, "लय येल लागंल का?" मामा म्हणाले, "नाय हो, एक तास." डुमिंगला वाटलं, मोठा फोटो दिसतोय.

थिएटरच्या आतल्या दाराशी भूल देणाऱ्या डॉक्टर उभ्या होत्या. अत्यंत काटेकोर बाई. फाइल वाचून म्हणाल्या, "कवळी काढा."

"कवळी?"

"वरचे दात. काढून या वाटीत ठेवा."

"डाक्टर, ते निघत नाय."

"सगळे असंच म्हणतात. लाजू नका." आणि त्यांनी हातमोजा घालून डुमिंगचे वरचे दात स्वतः हलवून पाहिले. सोळाच्या सोळा, चिंबोऱ्या फोडून घट्ट झालेले. डुमिंगच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याने भावजींचं नाव सोडलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, "फारच घट्ट बसवली आहे कवळी. कुठे केली?"

बाजूला उभ्या सुप्रियाला आठवलं. नाखव्यांना तिने पाहिलं नव्हतं, पण आदल्या संध्याकाळी एका नातेवाइकाने वाटीतून आणलेली त्यांची कवळी तिने स्वतः धुऊन दिली होती. तिथे सर्जन होते, भुलेच्या डॉक्टर होत्या, थिएटरच्या वीस वर्षं जुन्या सिस्टर होत्या. त्यांच्यासमोर त्या पोरीने ट्रॉलीची दांडी धरली आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडली, "थांबा! हे ते नाहीत!"

सर्जननी डुमिंगचा झगा बाजूला करून पाहिलं. हर्नियाच्या जागी आदल्या दिवशी पेनने काढलेला बाण असायला हवा होता. बाण नव्हता. हर्नियाही नव्हता. "तुम्ही कोण?" सर्जननी विचारलं.

डुमिंग म्हणाला, "मी मेव्हना."

अकरा वाजता खरे नाखवा रिक्षातून उतरले. अंगात शर्ट, बोटीवर लावलेल्या माळेतलं एक फूल खिशाला आणि हातात आमच्यासाठी बोंबलाची पिशवी. मी दारातच होते. "पाणी प्यायलात? काही खाल्लंत?" मी विचारलं.

"नाय बाय, काय पन नाय. फादरने शिंपरलेला परला तोंडावर, तेवराच पानी." मग इकडेतिकडे बघत म्हणाले, "आमचा डुमिंग कुठं हाय?"

मी म्हटलं, "वर. तुमचं ऑपरेशन करून घेत होता."

त्या दिवशी आम्ही सगळे पोट धरून हसलो. मी पण हसले. मोठे डॉक्टर हसले नाहीत. संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. "बाहेर कळलं तर लोक गुरं पण आणणार नाहीत इथे. ती मुलगी उद्यापासून नको. पत्रात कारण स्पष्ट लिहा." असं पत्र घेऊन बाहेर पडलेल्या नर्सला वसई ते विरार कुणी दारात उभं केलं नसतं. मी म्हटलं, "मला दोन दिवस द्या. चौकशी करते."

चौकशीची माझी रीत सोपी आहे. लहान मुलासारखं 'का?' विचारत राहायचं. चुकीचा माणूस थिएटरपर्यंत का गेला? सुप्रियाने नाव चुकीच्या तऱ्हेने विचारलं. का? घाई. का? खिचडी. पण तिने पट्टी तर तपासली होती, पट्टीच चुकीच्या हातात होती. का? कारण ती हातातून निघाली. का निघाली? ही पट्टी कापल्याशिवाय निघतच नाही, म्हणून तर ती लावतात.

इथे मी थांबले. कारण पुढचं उत्तर माझ्या कपाटात होतं. तीन महिन्यांपूर्वी एका आजींच्या सुजलेल्या हातावर पट्टी रुतली, मुलाने आरडाओरडा केला आणि मी त्याच दुपारी परिपत्रक काढलं: 'पट्टी दोन बोटं आत जातील इतकी सैल बांधावी.' सुजलेल्या हातासाठी केलेला नियम मी सगळ्या हातांना लावला. नाखव्यांच्या काठीसारख्या मनगटावरून पट्टी तेल न लावताही निघाली असती.

मी अहवाल लिहिला आणि परिपत्रकाचा उल्लेख केला नाही. साफ सांगते, विसरले नव्हते. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि दारावर पाटी होती. 'पट्टी तेल लावून काढण्यात आली' असं वाक्य लिहिलं. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात.

अहवाल घेऊन वर जाताना चादरींच्या खोलीचं दार उघडं दिसलं. सुप्रिया जमिनीवर बसून चादरींच्या घड्या घालत होती. घडी घातलेल्याच मोडून पुन्हा घालत होती. मला बघून उठली. वहीत तिने स्वतःच्या अक्षरात सगळं लिहिलं होतं, मी नाव चुकीच्या तऱ्हेने विचारलं हेसुद्धा. न लिहिती तर कुणाला कळलंही नसतं, डुमिंगला कसं विचारलं याने काय फरक पडतो ते ठाऊकच नव्हतं.

ती म्हणाली, "मॅडम, पप्पा म्हणतात, तू लिहून कशाला दिलंस? मी म्हटलं, मॅडमनी सांगितलंय, खरं लिहिणाऱ्याला काही होत नाही."

मला तिथल्या तिथे स्वतःची लाज वाटली. "त्या घड्या पुरे झाल्या," एवढंच म्हटलं आणि खाली येऊन अहवालाचं पहिलं पान फाडलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांपुढे मी नवं पान वाचलं. पहिलं वाक्य होतं: 'पट्टी सैल बांधण्याचा चुकीचा नियम सुरक्षा अधिकारी फिलोमिना यांनी केला.' दुसरं: 'चूक थिएटरच्या दारात स्टाफ नर्स सुप्रिया यांनी थांबवली.' नावं लिहायची नाहीत हा माझाच नियम, पण तो दुबळ्यांसाठी केला होता, माझ्यासाठी नाही.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "म्हणजे आता तुम्हालाही काढू?"

"काढा," मी म्हटलं. "फक्त हे परिपत्रकही सोबत फाइलला लावावं लागेल."

त्यांनी परिपत्रक हातात घेतलं. खाली उजवीकडे माझी सही. डावीकडे, 'मंजूर' या शब्दाखाली, त्यांची. न वाचता सही करायची त्यांची जुनी सवय होती आणि त्यासाठी मी त्यांना वहीत एक नोंद करायला सांगणारच होते.

त्यांनी परिपत्रक खाली ठेवलं. मग बेल वाजवून म्हणाले, "तीन चहा सांगा. त्या मुलीलाही बोलवा."

कुणाचीच नोकरी गेली नाही. पट्ट्या घट्ट झाल्या, सुजलेल्या हातवाल्यांना पट्टी पायात. गेटचा पास बंद होऊन रजिस्टर आलं. आणि दाखल होताना एक प्रश्न वाढला: 'या आठवड्यात घरात, शेतात, वाडीत किंवा बोटीवर काही आहे का?' पाहणीला आलेल्या बाहेरच्या साहेबांनी हा प्रश्न कुठल्या पुस्तकातून घेतला असं विचारलं होतं. नाखव्यांचं ऑपरेशन त्या गोंधळाच्या दुसऱ्याच दिवशी नीट झालं होतं. डुमिंगने मात्र हॉस्पिटलात यायचं कायमचं सोडलं. दात दुखला तरी घरीच लवंग धरतो म्हणे.

गेल्या वर्षी मी स्वतः त्याच हॉस्पिटलात पित्ताशयाच्या खड्यांसाठी दाखल झाले. सुप्रिया आता वॉर्डची इनचार्ज आहे. आल्या आल्या तिने विचारलं, "नाव काय?"

मी म्हटलं, "तुला माहीत नाही?"

"माहीत आहे. नाव काय?"

सांगितलं. जन्मतारीख सांगितली. तासाभरात तिसऱ्यांदा सांगितली. पट्टी अशी घट्ट, की माझं करंगळीचं नखही आत जाईना. ऑपरेशनला वेळ होता, म्हणून मी जरा उठून मागच्या संकटकालीन दरवाजाकडे फेरी मारली. माझा अंदाज खरा निघाला. दरवाजासमोर दोन व्हीलचेअर लावलेल्या. त्या हलवून, तिथल्या मामांना चार शब्द सुनावून परत आले तर खाटेभोवती गर्दी. सकाळपासून उभा राहून कंटाळलेला बस्त्याव माझ्या खाटेवर चादर घेऊन आडवा झाला होता, सुप्रियाने त्याला उठवून नाव विचारलं होतं आणि अर्धवट झोपेत, पेशंटचंच विचारतायत असं समजून, त्याने सांगितलं होतं, "फिलोमिना."

ऑपरेशन झालं. घरी सोडायच्या दिवशी सुप्रिया लाल पुठ्ठ्याची वही घेऊन आली. तिसरी की चौथी वही असेल. "मॅडम, बघाल का एकदा?" म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत उभी राहिली.

नोंद अशी होती.

काय झालं: रुग्ण खाटेवर नव्हत्या. खाटेवर रुग्णाचे पती होते. पट्टी रुग्णाच्याच हातात असल्याने अनर्थ टळला.

का झालं: आपण निवृत्त झालो आहोत, हे रुग्णांना अजून पटलेलं नाही.

काय करावं: व्हीलचेअर हलवल्या आहेत.

नाव कुठेच नव्हतं. मी नोंद दोनदा वाचली, बस्त्यावला वाचून दाखवली, मग सुप्रियाकडे पेन मागितलं आणि खाली माझं पूर्ण नाव लिहून सही केली.